तिसऱ्या पाण्यापर्यंत थांबा

हिरव्या ऊलाँग चहाचा सुगंध दुसऱ्या पाण्यातच, म्हणजे त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतल्यावरच संपतो, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. चीनच्या फुजियान प्रांतातल्या आन्शीचा तिएग्वानयिन हा ऊलाँग मी १०० मिलीच्या गायवानमध्ये (झाकणाच्या चिनी कपात) ७ ग्रॅम घेते, पाणी ९५ अंश. पानांच्या घट्ट वळलेल्या गोळ्या पहिल्या २० सेकंदांत जेमतेम सैलावतात. फुलांचा वास तेव्हा झाकणालाच जास्त. तिसऱ्या पाण्यात पानं पूर्ण उलगडतात आणि ऑर्किडसारखा दरवळ थेट घोटात उतरतो, लोण्यासारखा मऊ. अहाहा! पाचव्यापासून वेळ वाढवत न्या. सातव्याला फुलं जातात, पण घशात गोडवा रेंगाळतो, आणि मला तोच सर्वांत प्रिय. तुम्ही पहिलंच पाणी दोन-तीन मिनिटं ठेवत असाल, तर सगळा अर्क तिथेच उतरत असणार.