हिरो विसरलो, पण 'तो' लक्षात राहिला: जुन्या ब्रिटिश कॉमेडीतली आपली माणसं

धागाकर्ती, पुणे

परवा रात्री लाइट गेले होते, लॅपटॉपला तेवढी चार्जिंग होती, म्हणून आईला घेऊन १९५५ चा 'द लेडीकिलर्स' लावला. तिला इंग्रजी संवाद फार कळत नाहीत, मी अधूनमधून सांगत होते. पाच चोर किंग्ज क्रॉस स्टेशनमागच्या एका म्हातारीच्या घरात खोली भाड्याने घेतात, आम्ही वादक आहोत म्हणून सांगतात, आत रेकॉर्ड लावून ठेवतात आणि दरोड्याचा बेत करतात. त्यात अ‍ॅलेक गिनेस आहे, पीटर सेलर्स आहे, हर्बर्ट लोम आहे, म्हणजे एकसे एक. आणि आई शेवटपर्यंत एकच विचारत होती, "ती आजी कोण गं?"

ती केटी जॉन्सन. आयुष्यभर पडद्यावर बारीकसारीक कामं केली, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर हा रोल मिळाला. बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं मोठं सिने-टीव्ही पारितोषिक, तिलाच मिळालं, त्या सगळ्या दिग्गजांना बाजूला सारून. ती करते काय तर चहा विचारायला मधेमधे खोलीत येते, बास. पण ती दार वाजवते तेव्हा त्या पाच दांडग्यांचे चेहरे जसे पडतात ना, आई म्हणाली, "आपल्या वाड्यात मालकीणबाई यायच्या तेव्हा असंच व्हायचं."

तर धागा एवढ्यासाठी. जुन्या ब्रिटिश सिनेमातला, सिरियलमधला असा कोणी सांगा जो पोस्टरवर नव्हता, दोन सीनला आला आणि तुमच्या घरात राहायलाच आला. विकिपीडिया चिकटवू नका प्लीज, तुमचा अनुभव लिहा.

नाशिकरोडकर

मी सुरुवात करतो कारण आमचं गावच एका सिरियलमध्ये आहे आणि गावात कुणाला पत्ता नाही. 'इट एन्ट हाफ हॉट मम', बीबीसी, १९७४ ते ८१. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळाली कॅम्पात ब्रिटिश सोल्जरांची एक नाटक मंडळी असते, लढाईवर जायला नको म्हणून स्टेजवर बायकांचे कपडे घालून नाचतात, आणि त्यांचा सार्जंट मेजर (विंडसर डेव्हिस, काय आवाज!) त्यांच्यावर दिवसभर खेकसतो. लिहिणारा जिमी पेरी स्वतः देवळालीत तोफखान्यात होता आणि असल्याच पार्टीत काम करायचा. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात तेही आमच्या देवळालीवरूनच, बोटीची वाट बघत कॅम्पात पडून पडून सोल्जरांचं डोकं फिरायचं म्हणून. आम्ही अजून तिथेच आहोत, डोकं तसं ठीक आहे.

आता खरं सांगायचं तर बघताना अवघडायला होतं. रंगी राम नावाचा बेअरर आहे, तो मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून केलाय. मला पहिल्यांदा रागच आला. पण मग तो हिंदुस्तानी बोलायला लागला आणि मी उठून बसलो, कारण उच्चार पक्के. शोधलं तर हा माणूस झाशीत जन्मलेला, ब्रह्मदेशात गुरख्यांबरोबर लढलेला. तरी रंग तो रंगच, आणि शेजारी दिनो शफीक, ढाक्याचा, चहावाला म्हणून उभा, त्याच्या वाट्याला छोटा रोल. बीबीसी ही सिरियल आता दाखवत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण मला ती पूर्ण टाकूनही देववत नाही आणि पूर्ण आवडूनही घेता येत नाही, असा मधेच अडकलोय. आणि हो, शूटिंग सगळं इंग्लंडात, देवळालीची धूळसुद्धा तिकडचीच.

बोरिवली स्लो

+१. दिनो शफीक म्हणजे 'माइंड युवर लँग्वेज' मधला अली! बाबा मस्कतहून यायचे तेव्हा सुकामेवा, टेप आणि या सिरियलच्या कॅसेट. इंग्रजी शिकायच्या क्लासमधले देशोदेशीचे विद्यार्थी आणि एक बिचारा मास्तर. पुढे आपल्याकडे 'जबान संभाल के' आलं पंकज कपूरचं, ते त्यावरूनच. मूळ ब्रिटिश सिरियलमधला सरदार रणजीत सिंग केलाय अल्बर्ट मोझेसने, तो श्रीलंकेत जन्मलेला. बाबांना हे कळल्यावर ते दोन दिवस नाराज होते. आज बघितलं तर प्रत्येक देशाचा माणूस ठोकळा आहे, जपानी म्हणजे वाकणार, इटालियन म्हणजे ओरडणार. पण बाबा म्हणायचे, आमच्या मस्कतच्या कॅन्टीनमध्ये आम्ही असेच बोलायचो की, चुकीचं इंग्रजी हीच आमची एकमेकांशी बोलायची भाषा.

नगरी

देवळालीचं निघालंच आहे तर स्पाइक मिलिगन आमचा. जन्म १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर म्हणा). वडील ब्रिटिश फौजेत. लहानपण पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये गेलं. रेडिओवरचा 'गून शो' त्याने लिहिला, त्यात पीटर सेलर्स होता, आणि पुढच्या सगळ्या येडपट ब्रिटिश कॉमेडीचं मूळ तिथे आहे असं जाणकार म्हणतात. २००२ ला गेला. थडग्यावर आयरिश भाषेत कोरून घेतलंय, मी आजारी आहे असं सांगितलं होतं तुम्हाला. नगरच्या माणसाला शोभतं हे, शेवटचा शब्द आमचाच.

लेस्टरहून

मी लिहू का नको करत होते कारण माझं जरा लांबेल.

२००९ ला इथे आले, नवरा नाइट शिफ्टला, मला ओळखीचं कुणी नाही. शेजारी एक आजोबा राहायचे, एकटे. शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून तेच ते गाणं आणि मग त्यांचं खोखो हसणं यायचं. एकदा पार्सल द्यायला गेले तर म्हणाले ये, बस. 'डॅड्स आर्मी' चालू होतं. १९६८ ते ७७, ऐंशी भाग. १९४० साली जर्मन येणार म्हणून समुद्रकाठच्या एका गावात म्हातारे, पोरं, तब्येतीमुळे फौजेने न घेतलेले असे लोक जमून पलटण काढतात, बँकेचा मॅनेजर त्यांचा कॅप्टन होतो. मला आधी वाटलं काय हे, म्हातारे लोक झाडूला चाकू बांधून कवायत करतात. आजोबा म्हणाले, हसायचं कशाला ते नंतर कळेल, आधी गॉडफ्रीकडे बघ.

गॉडफ्री म्हणजे सगळ्यात म्हातारा, सारखं बाथरूमला जाऊ का विचारणारा, बहिणीने केलेले केक सगळ्यांना वाटणारा. एक एपिसोड आहे १९६९ चा, त्यात कळतं की पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक धरायला नकार दिला होता. झालं, सगळी पलटण तोंड फिरवते. मग सरावात कॅप्टन धुरात अडकतो आणि त्याला बाहेर कोण काढतं तर हाच. नंतर त्याच्या घरी फोटो दिसतो, छातीवर मेडल. गोळ्यांच्या मधून जखमी लोकांना उचलून आणायचा तो, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. स्वतः कधी सांगितलंच नाही कुणाला.

एपिसोड संपल्यावर आजोबा म्हणाले, आता ऐक, हा नट आर्नल्ड रिडली, हा खरोखर सोमला जखमी झालेला आहे. मी गप्पच. १८९६ चा जन्म, सिरियल सुरू झाली तेव्हा बहात्तर, संपली तेव्हा एक्याऐंशी. त्याआधी 'द घोस्ट ट्रेन' नावाचं जोरात चाललेलं नाटक त्याने लिहिलेलं. आणि आपण त्याला ओळखतो ते बाथरूमला जाऊ का विचारणारा म्हणून. उलट पलटणीतला खाटीक जोन्स, जो पार सत्तरीचा वाटतो, तो क्लाइव्ह डन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता! तोही खऱ्या युद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. म्हणजे हे जे धडपडतात, पडतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी खरं युद्ध बघितलेलं होतं.

आजोबा २०१४ ला गेले. त्यांच्या मुलीने त्यांच्या डीव्हीडी मला दिल्या. सार्जंट विल्सन करणारा जॉन ल मेझरर, त्याने आपल्या निधनाची पेपरातली नोटीस स्वतःच लिहून ठेवली होती, की अमुक तारखेला आपण 'आटोपलो' हे कळवण्यात येत आहे अशा थाटात. ते आजोबांनीच सांगितलेलं, दोनदा.

सेवानिवृत्त, ठाणे

वा, छान लिहिलंय वरती. माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात गेली त्यामुळे 'येस मिनिस्टर', मंत्री आणि त्याच्या सचिवाच्या रस्सीखेचीची सिरियल, मला कॉमेडी वाटतच नाही, ट्रेनिंगची फिल्म वाटते. त्यात एक इस्पितळ आहे, कर्मचारी पाचशे, पेशंट शून्य, आणि सचिव सर हम्फ्री शांतपणे पटवून देतो की पेशंट नसल्यामुळेच ते इतकं उत्तम चालतंय. आमच्याकडे एक विश्रामगृह होतं, पुढचं बोलत नाही.

सगळे हम्फ्रीचं म्हणजे नायजेल हॉथॉर्नचं कौतुक करतात आणि ते योग्यच, एका श्वासात तो जे वाक्य म्हणतो ते आमच्या शासन निर्णयापेक्षा लांब असतं, त्याला या रोलसाठी चार बाफ्टा मिळाले. पण माझा माणूस बर्नार्ड. मंत्र्याचा पी.ए. पगार आणि प्रमोशन सचिवाच्या हातात, दिवसभर बसायचं मंत्र्याच्या दारात. दोघं भांडतात आणि हा मधेच व्याकरणाची चूक काढतो. डेरेक फाउल्ड्स त्याचं नाव, त्याआधी तो मुलांच्या कार्यक्रमात कोल्ह्याच्या एका बाहुल्याबरोबर काम करायचा. मला ते कळलं तेव्हा सगळा उलगडा झाला, कोल्ह्याशेजारी चेहरा सरळ ठेवायची सवय होती म्हणून हम्फ्रीशेजारी जमलं. त्यावरूनच केलेला फारूख शेखचा हिंदी 'जी मंत्रीजी' पण बरा होता, पण बर्नार्डसारखा तो मधला माणूस मराठीत कुणी केला तर काय बहार येईल.

रिसेप्शनवाली

कोकणात एका लॉजवर सहा वर्षं फ्रंट डेस्क केलाय. 'फॉल्टी टॉवर्स' ही एका हॉटेलातली कॉमेडी, तिचे सगळे मिळून बाराच भाग आहेत, मी त्यातला मिसेस रिचर्ड्सचा नोकरी सोडल्यावरच बघू शकले, आधी बघितला असता तर गेस्टसमोर हसू आलं असतं. कानाचं मशीन लावते पण बॅटरी संपते म्हणून बंद ठेवते, आणि मग कुणी काही सांगत नाही म्हणून तक्रार करते! खोलीतून व्ह्यू नाही म्हणते, समोर अख्खा समुद्र. आमच्याकडे एक काका आले होते, समुद्राचा आवाज रात्री बंद करता येईल का विचारत होते, देवाशप्पथ. जोन सँडरसन नाव त्या बाईंचं.

आणि मॅन्युएल. सगळे म्हणतात स्पॅनिश वेटर, पण तो नट अँड्र्यू सॅक्स मूळचा बर्लिनचा, नाझींच्या भीतीने आईबाप त्याला घेऊन १९३८ ला इंग्लंडला आले. परक्या देशात भाषा न कळता उभं राहणं त्याला शिकवावं लागलं नसणार. त्याच सिरियलमध्ये जर्मन पाहुण्यांचा तो भाग आहे, तो बघताना हे डोक्यात येतंच.

उलट मत

शिव्या घाला पण मला 'कॅरी ऑन' पिक्चर झेपत नाहीत. एकतीस काढले, १९५८ पासून, आणि विनोद एकच, नर्स दिसली की भुवया वर. कॉलेजात हॉस्टेलवर पोरं लावायची तेव्हाही झेपत नव्हते. त्यात बायकांना पुरुषांच्या निम्मे पैसे द्यायचे, मग हसू कसलं.

पण एक सीन सोडून. 'अप द खैबर', १९६८, आपली खैबरखिंड वेल्सच्या डोंगरात उभी केलीय. बंगल्यावर तोफा सुटतायत, छताचं प्लास्टर सुपात पडतंय आणि साहेबलोक गप्पा मारत जेवतायत. टेबलावर घाबरलेला एकच जण, पाद्रीबाबा. तो पीटर बटरवर्थ. आणि हा बटरवर्थ खऱ्या आयुष्यात जर्मन कैदेत होता, तिथल्या प्रसिद्ध लाकडी घोड्याच्या पलायनात (व्यायामाच्या घोड्याखाली लपून भुयार खणलं होतं) पहारेकऱ्यांचं लक्ष वळवायला घोड्यावरून उड्या मारणाऱ्यांपैकी एक. पुढे त्यावर पिक्चर निघाला तेव्हा हा ऑडिशनला गेला, तर म्हणाले तू वीर वाटत नाहीस. यावर मी हसू का रडू हे पंधरा वर्षं ठरवतोय.

लेस्टरहून

@उलट मत, निम्म्या पैशाचं शंभर टक्के बरोबर. पण त्याच पिक्चरांतली मेट्रन हॅटी जॅक्स विसरू नका. ती आत आली की वॉर्ड सरळ होतो. आणि ती आमच्या ल मेझररची बायको होती हो, १९६५ पर्यंत.

गणिताच्या बाई

मुख्याध्यापिका म्हणून अ‍ॅलिस्टर सिम. १९५४ चा 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स'. पुरुष आहे हे दहा मिनिटांत विसरायला होतं, हातवारे नाहीत, आवाज पिळवटणं नाही, फक्त मोत्यांची माळ आणि थकलेली मायाळू नजर. शाळेत पोरी दारू गाळतायत, पगार थकलेत आणि बाई शांत. अशी एक बाई मला वरिष्ठ म्हणून होती. (पगारही थकले होते.)

मूक वाचक

रिचर्ड वॉटिस. चष्मा, फाइल, कपाळावर आठी. बस्स.

धागाकर्ती, पुणे

@मूक वाचक, तेवढ्यात सगळं आलं. गणिताच्या बाईंच्या पिक्चरमध्येही आहेत ते, शिक्षण खात्यातर्फे हजर.

सूनबाई, डोंबिवली

आमच्याकडे 'कीपिंग अप अपियरन्सेस'. बीबीसी एन्टरटेन्मेंट चॅनल लागायचा तेव्हा सासूबाई आणि मी पोळ्या उरकून बसायचो. हायसिंथ बकेट, पण आडनाव 'बुके' म्हणायचं, नाहीतर फोन ठेवणार. पॅट्रिशिया रूटलेज. खरी तयारीची गायिका, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर टोनी हे नाटकांचं मोठं पारितोषिक मिळवलेली, आणि इथे जाणूनबुजून कान किटतील असं गाते, सासूबाई पेटी शिकलेल्या, त्या म्हणाल्या चुकीचं गाणं इतकं अचूक गायला फार रियाज लागतो.

पण आमची लाडकी शेजारीण एलिझाबेथ, जोसेफिन ट्यूसन. तिचं काम म्हणजे हायसिंथकडे कॉफीला जायचं आणि त्या महागड्या कपाला काही होईल या धास्तीने हात लटपटून सांडायची. दर वेळी. सासूबाईंकडे पाहुण्यांचे म्हणून सहा कप आहेत, सोनेरी कडेचे, मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यातल्या एकाचा कान माझ्या हातून गेला. वर्षभर त्यावर कुणी काही बोललं नव्हतं, जे जास्त वाईट. मग हा सीन लागला, कप बशीवर वाजायला लागला, आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी जे हसायला लागलो ते सासरे बाहेरून बघायला आले.

तो बिनकानाचा कप अजून आहे. त्यात आता कात्री आणि पेनं असतात, आणि घरात सगळे म्हणतात, एलिझाबेथमधून पेन दे गं.