पर्सिव्हल म्यू गल: रजिस्ट्रेशन तेच, मग फोटोत विमान वेगळं का दिसतं?

कागदीपंख
म्यू गल या १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश शर्यतीच्या विमानाचं स्केल मॉडेल करायला घेतलंय आणि फोटो जमवताना पार गोंधळलोय. जी-एसीएनडी लिहिलेले दोन फोटो मिळाले, पण ती दोन विमानं एकमेकांची भावंडंही वाटत नाहीत. जी-एईएक्सएफचं तर विचारूच नका, एका फोटोत कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) व्यवस्थित वर आलेली, दुसऱ्यात पाठीत जवळपास बुडालेली, तिसऱ्यात परत उंच. नक्की कुठलं वर्ष धरून काम करू? आणि मुळात एवढे बदल का केले असतील?

सहासिलिंडर
तुमचे फोटो बरोबरच आहेत. एडगर पर्सिव्हलचा पहिला म्यू गल, म्हणजे ई१, मार्च १९३४ मध्ये उडाला, त्याला आधी नेपियर जॅव्हेलिन इंजिन होतं आणि नंतर डी हॅविलंडचं जिप्सी सिक्स बसवलं, साधारण २०० हॉर्सपॉवरचं, उलटं टांगलेलं, सहा सिलिंडर एका ओळीत. म्हणजे समोरून बघितलं की इंजिन अगदी अरुंद, आणि त्याच्या मागे फ्युजलाजही, म्हणजे विमानाचं धड, तेवढंच अरुंद ठेवता येतं. ई१ गेल्यावर पर्सिव्हलने जवळपास नवंच विमान आखलं, ते ई२, आणि त्याला रजिस्ट्रेशन मात्र जुनंच लावलं, जी-एसीएनडी. तुमचा पहिला गोंधळ इथला. एकूण बनली फक्त सहा: एक ई१, चार ई२ आणि शेवटचं ई३एच, जे पर्सिव्हलने स्वतःसाठी केलं, जी-एएफएए. सगळी लाकडी. मला विचाराल तर ई२ हीच या विमानाची खरी सुरुवात.

वाराउलटा
वरच्या उत्तरात १९३६ राहिलं, आणि ते राहून चालणार नाही. त्या वर्षी पोर्ट्समथ ते जोहान्सबर्ग अशी श्लेसिंगर रेस होती आणि तिच्यासाठी तीन म्यू गल तयार झाले होते. त्यातलं जी-एईकेएल टॉम कॅम्पबेल ब्लॅककडे, हा तोच माणूस ज्याने दोनच वर्षांपूर्वी चार्ल्स स्कॉटबरोबर इंग्लंड-मेलबर्न शर्यत जिंकली होती. १९ सप्टेंबरला लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळावर तो विमान जमिनीवरून चालवत नेत होता आणि नुकतंच उतरलेलं हवाई दलाचं हॉकर हार्ट त्याच्यावर येऊन आदळलं. ब्लॅक गेला. दहा दिवसांनी शर्यत सुटली तेव्हा उरलेल्या दोघांपैकी एकही म्यू गल पोचला नाही, मिलर या वैमानिकाचं इंधन बेलग्रेडच्या आसपासच संपलं आणि दुसरा वैमानिक हॉल्स, त्याचं विमान दक्षिण ऱ्होडेशियात (आजचं झिम्बाब्वे) कोसळलं. शेवटपर्यंत पोचलं ते एकच विमान, पर्सिव्हलचंच व्हेगा गल, आणि ते चालवत होते स्कॉट आणि गाइल्स गथ्री. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण ब्लॅकची चूक काहीच नव्हती. जी-एईकेएल मात्र दुरुस्त झालं आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स गार्डनरने त्यात किंग्ज कप ही ब्रिटनमधली हवाई शर्यत जिंकली.

सहासिलिंडर
हो, हे सांगायलाच हवं होतं. आता जी-एईएक्सएफ. हे मिलरचंच विमान, आधी झेडएस-एएचएम होतं, पुढे ब्रिटिश रजिस्टरवर आलं आणि ॲलेक्स हेन्शॉ या वैमानिकाच्या हातात गेलं. त्याच्यासाठी ग्रेव्हसेंडच्या एसेक्स एअरोमध्ये जॅक क्रॉसने ते जवळपास उघडून परत बांधलं. फ्युजलाजची वरची रेघ खाली आणली, सीट खाली घेतली, कॅनपी पाठीला लागेल इतकी बसकी केली, जिप्सी सिक्स आर इंजिन आणि पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा प्रॉपेलर लावला. पुढचं फारसं दिसतच नाही अशा जागी हेन्शॉ बसायचा. किंग्ज कप ही हँडिकॅप रेस, संथ विमानं आधी सुटतात आणि हिशोब बरोबर असेल तर सगळी शेवटी एकत्र यायला हवीत, त्यामुळे हिशोबात न धरलेला प्रत्येक मैल हा निव्वळ फायदा. १९३८ ला हॅटफिल्डला तो सरासरी २३६.२५ मैल, म्हणजे ताशी ३८० किमीने जिंकला. एवढ्याशा इंजिनावर ३८०! हे मला अजूनही थक्क करतं.

मग फेब्रुवारी १९३९. टाक्या वाढवून ग्रेव्हसेंड ते केपटाउन आणि परत, वाटेत ओरान, गाओ, लिब्रव्हिल, मोसामेडेस. जायला ३९ तास २३ मिनिटं, यायला ३९ तास ३६ मिनिटं, केपटाउनमधला मुक्काम धरून सगळं मिळून ४ दिवस १० तास १६ मिनिटं, आणि एकटा. परत आल्यावर त्याला कॉकपिटमधून उचलून बाहेर काढावं लागलं. पुढे हाच माणूस कासल ब्रॉमिचला स्पिटफायर या लढाऊ विमानाचा टेस्ट पायलट झाला.

वाराउलटा
तुमचा तिसरा फोटो युद्धानंतरचा असणार. १९३९ मध्ये विमान फ्रान्सला विकलं गेलं, युद्धात तिथेच पडून राहिलं, १९५० मध्ये परत इंग्लंडला आणलं आणि शर्यतीसाठी त्यावर उंच कॅनपी बसवली. १९५५ ला पीटर क्लिफर्डने त्यात पुन्हा किंग्ज कप जिंकला. नंतर ते परत हेन्शॉच्या रूपात आणलं गेलं. सध्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शनमध्ये आहे, मी ते जवळून पाहिलंय. उभं राहिलं तर कॅनपी छातीपर्यंतही येत नाही असं वाटलं, आणि आत खांद्यांना जागा इतकी कमी की माणूस बसतो म्हणण्यापेक्षा विमान अंगात घालतो म्हणावं.

कागदीपंख
खूप खूप धन्यवाद दोघांना. मग १९३९ चं केप रूप ठरलं. कॅनपी आधीच उंच कापून ठेवली होती, ती बाजूला ठेवतो आणि आज रात्रीच फ्युजलाजची पाठ घासायला घेतो.