'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स': अर्ध्यावर थांबलेल्या सिनेमाचं परीक्षण करायचं कसं?

अबोली_२२ :

खाली कथानक उघड केलं आहे. पाहायचा राहिला असेल तर इथेच थांबा.

परवा रात्री अकरा वर्षांच्या मुलासोबत 'स्पायडर-मॅन: अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अ‍ॅनिमेशनपट पाहिला. २०१८चा पहिला भाग आमच्याकडे इतक्यांदा लागलाय की अर्धे संवाद घरात पाठ आहेत. त्यामुळे या भागाकडून अपेक्षा मोठ्या होत्या, आणि दोन तास तरी त्या सगळ्या पुऱ्या झाल्या. मग माइल्स, म्हणजे या गोष्टीतला शाळकरी स्पायडर-मॅन, घरी म्हणून भलत्याच जगात पोचतो (इथे प्रत्येक जगाचा स्पायडर-मॅन वेगळा). तिथे बाबा वारलेले, काका जिवंत, आणि प्राउलर या खलनायकाचा मुखवटा काढून समोर उभा राहतो तो दुसरा माइल्सच. दुसऱ्या जगातली त्याची मैत्रीण ग्वेन मित्रांना घेऊन त्याला शोधायला निघते आणि पडद्यावर 'क्रमशः'. मुलगा उठून उभाच राहिला. "आई, हे काय? संपलं?"

आमच्या वाचनालयाच्या मासिकात दर महिन्याला एका सिनेमावर कुणीतरी लिहितं. या वेळी माझी पाळी आहे. चित्रं, रंग, डॅनियल पेम्बर्टनचं संगीत, सगळ्याबद्दल भरभरून लिहावंसं वाटतंय. माइल्सची आई गच्चीवर त्याच्याशी बोलते तो प्रसंग तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिला. पण १४० मिनिटं बसवून गोष्ट अर्ध्यावर सोडली, हे मनातून जात नाही. तुम्ही हा सिनेमा पूर्ण धरता की अर्धा?


खारेदाणे :

अर्धा. २००४चा 'स्पायडर-मॅन २' आठवा. तोही दुसराच भाग. पण डॉक्टर ऑक्टोपसची गोष्ट त्यातच सुरू होते आणि त्यातच नदीत बुडून संपते. पीटर पोशाख टाकून देतो, पुन्हा घालतो, मेरी जेनला खरं कळतं. बेशुद्ध पीटरला ट्रेनमधली माणसं हातांवर उचलून आत घेतात, तो प्रसंग पुढच्या भागाच्या आधाराशिवाय उभा आहे. सिक्वेल असा हवा. पहिला पाहिला नसेल तरी चालावं आणि तिसरा आला नाही तरी काही बिघडू नये. इथे तर तिसरा मार्च २०२४मध्ये येणार म्हणून जाहीर केला आणि नंतर वेळापत्रकातूनच काढून टाकला. प्रेक्षक चिडले त्यात चूक काय? चित्रांना दहा, गोष्टीला पाच. असंच लिहा.


ड्रॉइंगमास्तर_मिरज :

अबोलीताई, मी पूर्ण धरतो. जरा लांबेल, पण कारण सांगतो.

हा सिनेमा कुणापासून सुरू होतो ते पाहा. माइल्सपासून नाही. ग्वेन जीव तोडून ड्रम वाजवतेय आणि तिच्याच आवाजात गोष्ट सुरू होते. तिचे वडील जॉर्ज स्टेसी पोलीस खात्यात कॅप्टन. पीटर पार्करचा जीव स्पायडर-वुमननं घेतला अशी त्यांची खात्री, आणि ती स्पायडर-वुमन त्यांच्याच घरात वाढलेली. म्युझियममधल्या मारामारीनंतर ती मुखवटा काढते. लेक दिसल्यावरही बाप पिस्तूल खाली घेत नाही, अटकेची वाक्यं म्हणायला लागतो. ती घर सोडून जाते. सिनेमानं घातलेला पहिला प्रश्न हा आहे: या माणसाला वर्दी मोठी की मुलगी?

आता शेवटाकडे या. ग्वेन त्याच घरात परत येते. वडील सांगतात, मी नोकरी सोडली. बास, प्रश्न सुटला. माइल्सचं जे लटकलंय ते त्यानंतरचं आहे.

पण मला हे नुसतं बाप-लेकीचं वाटत नाही. सगळ्या जगांतल्या स्पायडर-मॅनचा म्होरक्या मिगेल ओ'हारा माइल्सला जो नियम ऐकवतो तो आठवा. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या जवळचा एक पोलीस कॅप्टन लढाईत कोसळत्या ढिगाऱ्यातून लहान मुलाला वाचवताना मरतो. मिगेलकडे या घटनेचं नाव 'एएसएम-९०' असं आहे, आणि ते खऱ्या कॉमिकवरून आलंय. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ९०वा अंक १९७०चा. त्यात ग्वेनचे वडील कॅप्टन स्टेसी असेच मरतात. डॉक्टर ऑक्टोपसशी मारामारी चालू असताना वरून विटांचा ढीग येतो आणि ते खालच्या पोराला बाजूला ढकलतात. ग्वेन स्वतः मेली १९७३च्या १२१व्या अंकात. म्हणजे या मुलीनं आणि तिच्या बापानं कॉमिकच्या पानांवर मरणं हे पन्नास वर्षं ठरलेलंच होतं. सिनेमा ते ठरलेपण हातात घेतो आणि विचारतो, हे असंच का व्हायला हवं?

आणि उत्तरही देतो. मुंबाटनमध्ये, म्हणजे भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरच्या शहरात, त्याच्या मैत्रिणीचे वडील इन्स्पेक्टर सिंग लहान मुलाला वाचवायला धावतात, वरून ढिगारा येतो, अगदी तीच १९७०ची चौकट, आणि माइल्स त्यांना बाहेर काढतो. ग्वेनचे वडील तर नियमातून स्वतःच बाहेर पडतात. कॅप्टनच नाही, तर कॅप्टन मरणार कुठून? ग्वेनच्या चेहऱ्यावर ते उमगतं तो क्षण माझ्या मते सगळ्या सिनेमाचा कळस आहे. राहिले माइल्सचे बाबा, तेही पोलीस, आता कॅप्टन होणार असलेले. तीन माणसांच्या डोक्यावर एकच मरण होतं, त्यातल्या दोघांचं टळलेलं आपण पाहतो. पुढच्या भागाला एकच बाकी ठेवलंय. याला अर्धा कसं म्हणू?

आता माझ्या विषयाचं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना जलरंग देताना मी सांगत असतो की ओल्या कागदावर सोडलेला रंग तुमचं ऐकत नाही, तो पाण्याचं ऐकतो. ग्वेनचं जग तसं रंगवलंय. कॉमिक्समध्ये ती स्पायडर-वुमन म्हणून आली २०१४मध्ये, रॉबी रॉड्रिगेझच्या रेषेतून, आणि सिनेमातलं तिचं जग त्याच्या मुखपृष्ठांवरून घेतलंय. बाप-लेक बोलत असतात आणि मागची भिंत रंग बदलते, ओघळते. खिडकी कुठे संपली कळत नाही. ती रागावते तसा रंग, ती हळवी होते तसा रंग. मिठीपाशी येईस्तोवर सगळं उजळलेलं असतं. हे नुसतं छान दिसतं असं लिहू नका. संवादात जे नाही ते तिथे रंग सांगतो, असं लिहा.

हॉबी या गिटारवाल्या पंक स्पायडर-मॅनकडेही मुलाला बघायला सांगा. पहिल्या भागात माइल्स नवशिका होता म्हणून त्याची चित्रं सेकंदाला बाराच बदलायची आणि शेजारी सराईत पीटरची चोवीस. इथे हॉबीचं अंग एका गतीनं हलतं, जाकीट दुसऱ्या, गिटार तिसऱ्या. नियम न मानणारा मुलगा आहे, तर त्याची चौकटसुद्धा नियम मानत नाही. आणि सगळ्यात आधी माइल्सला सांगतो तोच, की हे लोक म्हणतात ते सगळं मानू नकोस. खारेदाणे यांनी चित्रांना दहा आणि गोष्टीला पाच दिलेत. या सिनेमात ते दोन वेगळे विषय नाहीत, म्हणून तसे वेगळे गुण देता येणार नाहीत.

कमी कुठे? स्पॉट हा खलनायक मधला तासभर जवळजवळ दिसत नाही आणि आल्यावर एकदम भयंकर होऊन येतो, ते पटत नाही. शेकडो स्पायडर-मॅन माइल्सच्या मागे धावतात तो पाठलागही लांबलाय. तिथे कात्री चालली असती.


निशिगंध :

मास्तरांशी सहमत. एक जोड: परीक्षणात काम करणाऱ्यांबद्दलही लिहा. हजाराच्या आसपास कलाकारांनी हा सिनेमा केला. जून २०२३मध्ये त्यांतल्या काहींनी नाव न देता सांगितलं की पूर्ण झालेली दृश्यं पुन्हा पुन्हा बदलली जात होती, दिवस अकरा-अकरा तासांचे होते आणि सुमारे शंभर जण काम संपायच्या आधी सोडून गेले. मी स्वतः अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. मंजूर झालेला शॉट तिसऱ्यांदा मोडून करायला लागतो तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. मास्तर ज्या ओघळत्या भिंतीबद्दल बोलले, ती कुणीतरी रात्री बसून केलेली आहे. तिसरा भाग उशिरा येतोय याचा मला म्हणून राग येत नाही. वेळ घ्या, पण माणसं टिकवा.

तुमच्या मुलासाठी: लेगोच्या जगातला तो छोटा प्रसंग चौदा वर्षांच्या मुलानं केलाय. प्रेस्टन मुटांगा, टोरांटोचा. त्यानं सिनेमाचा ट्रेलर घरी लेगोच्या रूपात बनवून टाकला होता, तो निर्मात्यांनी पाहिला आणि त्यालाच काम दिलं.


अबोली_२२ :

मास्तर, १९७०च्या अंकाचं मला अजिबात माहीत नव्हतं. इन्स्पेक्टर सिंगचा प्रसंग मी नुसती सुटका म्हणून पाहिला होता. निशिगंध, मुटांगाची गोष्ट सांगितली, मुलानं दोन मिनिटांत लेगोचा डबा काढला. पण एक विचारते, मुंबाटनबद्दल कुणी काहीच का बोलत नाही? आपल्यासाठी तोच भाग ना?


तेरेखोल :

बोलतो. मी हा सिनेमा १ जून २०२३ला, भारतात लागला त्याच दिवशी पाहिला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. दहा भाषांत होता, त्यात मराठीही. पवित्र प्रभाकर २००४पासून कॉमिक्समध्ये आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो केला, तेव्हा त्याचे चारच अंक निघाले. इतक्या वर्षांनी तो जगभरच्या पडद्यावर आला याचा आनंद झालाच. केस उडवत, हातातली कडी फिरवत येतो, इंग्रजांनी आपलं काय काय चोरलं ते चालता चालता दाखवतो, थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.

पण मग शहराच्या मध्यात काळं विवर पडतं, इमारती गिळायला लागतं. मिगेलची माणसं येतात, नशीब असेल तर थांबवू म्हणतात, आणि सिनेमा तिथून निघून जातो. पुढे पवित्र ग्वेनच्या टोळीत दिसतो, हसराच. त्याच्या शहराचं काय झालं? त्याची माया काकू, मैत्रीण गायत्री, तिचे वडील सिंग, वाचले का? मास्तर म्हणतात सिंगांचं मरण टळलं. टळलं की पुढे ढकललं? गोष्ट अर्धी कुणाची राहिली असेल तर ती माइल्सची नाही, आमची राहिलीय.


ड्रॉइंगमास्तर_मिरज :

तेरेखोल, हे बरोबर आहे आणि मला खोडता येत नाही. मी दोघांचं टळलं म्हणालो. सिंगांबद्दल ते ढिगाऱ्यापुरतंच खरं.

त्या शहरावर माझा जीव जडण्याचं कारण वेगळं. सिनेमा करणाऱ्यांनी मुंबाटनसाठी सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती. आम्ही ती मराठीत वाचली, रद्दीच्या दुकानातून आणून. वेताळ, मांड्रेक, बहादूर. स्वस्त कागद, छपाईत लाल रंग रेषेच्या बाहेर सरकलेला, सावलीच्या जागी ठिपके. तो सरकलेला रंग या लोकांनी मुद्दाम पुन्हा आणलाय. रिक्षा, बस, पूल, एकावर एक चढलेली घरं, सगळं त्या छपाईत. आमच्या पिढीच्या डोळ्यांना जे दोष म्हणून दिसायचं ते कुणीतरी इतक्या प्रेमानं अभ्यासलं.

इतकं करून त्या शहराला मोजकी मिनिटंच दिली आणि जाताना विवर उघडं ठेवलं, हा दोष मोठा आहे. लांबलेल्या पाठलागातली पाच मिनिटं काढून मुंबाटनला दिली असती तरी पुरलं असतं. पवित्रनं निदान एकदा मागे वळून शहराकडे पाहायला हवं होतं. अबोलीताई, परीक्षणात गुण कापायचे तर शेवटासाठी कापू नका, इथे कापा.