घरात माणसं नऊ, मोरीत ग्लास पंचवीस: कोणाचा कोणता हे लक्षात कसं ठेवायचं?

केळीबाग_जळगाव

एकत्र कुटुंब, लहानमोठी धरून नऊ जण. ग्लास सगळे एकाच संचातले, स्टीलचे, हुबेहूब सारखे. पाणी पिऊन ग्लास ओट्यावर टेकवला की पाच मिनिटांनी तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक वेळी मांडणीतून नवा निघतो आणि संध्याकाळी मोरीत वीस-पंचवीस ग्लासांचा ढीग. नळ रोज येत नाही. एक ग्लास विसळायला अर्धा लिटर धरलं तरी नुसत्या ग्लासांत एक बादली जाते.

उपाय सुचवताना चार गोष्टी धराव्यात. आजींना कमी दिसतं. भांडी घासणाऱ्या मावशी तारेची घासणी वापरतात. सासऱ्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय. धाकट्याच्या तोंडात फोड आलेत. त्यात आता बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला शेजारच्या बाया गच्चीवर जमतील आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील. तेव्हा काय करावं, तेही सांगा.

मांडणीवाली

ताई, खूण ग्लासावर करण्याआधी जागेवर करा. ग्लास हरवतो तो सारखा दिसतो म्हणून नाही, त्याला परत ठेवायची ठरलेली जागा नसते म्हणून. उद्या नऊ ग्लास नऊ रंगांचे आणले तरी ते ओट्यावर, खिडकीत, पलंगाखाली पडलेले असतील तर माणूस मांडणीतून दहावा काढणारच.

आधी ग्लास कमी करा. बाहेर फक्त अकरा ठेवा, नऊ घरचे आणि दोन आल्या-गेल्यासाठी. बाकीचे डब्यात भरून वरच्या फळीवर चढवा, तेही शिडी लागेल इतके वर. हात पोचतो तोवर नवा ग्लास निघत राहतो, हे मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे.

मग माठाशेजारी जागा ठरवा. खुंट्यांचा ग्लास स्टँड भांड्यांच्या दुकानात मिळतो, बहुतेक सहा खुंट्यांचा, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. घेताना खुंटीच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण घट्ट आहे ना ते बघा. ते निघालं की उघडी सळई ग्लासाच्या तळाला घासते आणि आत काळे डाग पडतात. स्टँड नको असेल तर ताटावर तारेची जाळी ठेवून ग्लास पालथे घाला. सपाट ताटावर पालथा घातलेला ग्लास कधीच सुकत नाही, काठ ओल्यावर चिकटून आत वाफ कोंडते आणि सकाळी पाण्याला वास येतो. जाळीने खालून हवा लागते. सरळ ठेवायचे तर आपल्याकडच्या वैशाखातल्या धुळीने अर्ध्या तासात आत थर बसतो, म्हणून पालथेच.

प्रत्येक जागेखाली वीजवाले वापरतात ती रंगीत टेप बोटभर लावा. लाल, पिवळी, निळी, हिरवी, काळी, पांढरी अशा रंगांत ती मिळते. उरलेल्या तिघांना दोन रंगांच्या जोड्या करा. टेप ग्लासावर मात्र लावू नका, गरमीने तिचा डिंक सुटतो आणि त्यावर मळ बसतो. आजींची जागा टोकाची, दाराकडून पहिली. त्यांना रंग ओळखावा लागत नाही, हात लावला की पहिला ग्लास त्यांचाच.

पाणी प्यायचं, उरलेला घोट कुंडीत ओतायचा, ग्लास आपल्या जागी पालथा. घासणं सकाळी एकदा, रात्री एकदा. ताक, दूध, सरबत मात्र या ग्लासात घ्यायचं नाही. ताकाचा ग्लास तसाच पालथा घातला तर तासाभरात आंबतो, मग दिवसातून दोनदा घासण्याचं गणित कोलमडतं. त्यासाठी वेगळी फुलपात्रं ठेवा आणि ती लगेच धुवा.

भांडेगल्ली_धुळे

जागेचं म्हणणं बरोबर, पण नऊ जणांच्या घरात ग्लासावरही खूण हवीच, कारण ग्लास अभ्यासाच्या टेबलावर जातो, गच्चीवर जातो.

तारेच्या घासणीपुढे टिकणारी खूण एकच, कोरलेली. भांड्यावर नाव घालायचं मशीन बहुतेक भांडेवाल्यांकडे असतं. नवी भांडी घेतली की नाव तिथेच घालून देतात, जुन्या भांड्यांना थोडे पैसे घेतात. पण पूर्ण नाव घालू नका. बारीक अक्षर हाताएवढ्या अंतरावरून दिसत नाही, आणि ग्लास उचलून, फिरवून वाचायचा म्हटलं की कोणी वाचत नाही. पहिलं अक्षर दीड सेंटिमीटर उंच घाला आणि तेच समोरच्या बाजूलाही घाला, म्हणजे कुठूनही बघा, एक दिसतंच. दोघांचं पहिलं अक्षर एक असेल तर धाकट्याच्या अक्षराखाली रेघ. आजींच्या ग्लासाला दोन आडव्या रेघा जरा खोल कोरून घ्या, बोटाला लागतात.

अक्षर काठापासून दोन बोटं खाली घाला. काठाला लागून कोरलं तर ओठाला खरखर लागते. ग्लास फार पातळ पत्र्याचा असेल तर कारागीर जोर देतो तिथे पोचा येतो, आतून उंचवटा हाताला लागतो आणि त्याभोवती मळ राहतो. असा ग्लास कोरायला देऊच नका. कोरलेल्या रेघेत बोअरच्या पाण्याचे क्षार बसून अक्षर पांढरं होतं. लिंबाचा रस लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, निघतं.

नेलपॉलिशचा ठिपका बरेच जण सुचवतात. तुमच्याकडे तो टिकणार नाही, तारेच्या घासणीने थोड्याच दिवसांत त्याच्या खपल्या निघतील. नायलॉनची घासणी असती तर तळाजवळ बाहेरून चाललं असतं, तेही स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडं करून, एकावर एक दोन हात देऊन आणि रात्रभर वाळवून. तेलकट स्टीलवर तो धरतच नाही. काठाजवळ तर कधीच लावू नये, खपली पोटात जाते.

रंगीत_पट्टा

कोरण्याआधी रंगाचा एक उपाय करून बघा. रबरबँड नको. आपल्या उन्हाळ्यात तो आधी चिकट होतो, मग तडकतो, आणि त्याच्याखाली पाणी राहून काळी रेघ उमटते.

बांगडी चालेल असं वाटतं, कारण ग्लास तळाशी निमुळता असतो, खालून बांगडी चढवली की मध्ये अडकते. २-४ मापाची बांगडी आतून सव्वादोन इंच, म्हणजे ग्लासाचा घेर जिथे १८ सेंटिमीटर भरतो तिथे ती बसते. पण कडक बांगडीला ताण नसतो. ग्लास सरळ ठेवला की ती घसरून खाली येते आणि ग्लास उचलला की ओट्यावरच राहते. काचेची तर विचारही नको.

मुलं हातात घालतात तो सिलिकॉनचा पट्टा घ्या, लहान मापाचा, १८ सेंटिमीटर घेराचा. नेहमीच्या स्टीलच्या ग्लासाचा मधला घेर साधारण २० भरतो, त्यामुळे पट्टा थोडा ताणून घट्ट बसतो. आधी दोऱ्याने आपला ग्लास मोजा. घेर २३ च्या वर असेल तर मोठ्यांच्या मापाचा, २० चा घ्या. काठाला लावायचा नाही, मध्यावर. रात्रीच्या घासणीआधी सगळे पट्टे काढून एका वाटीत टाका, खाली ओल राहत नाही आणि मावशींच्या तारेत पट्टा कापला जात नाही. सकाळी ज्याने त्याने आपला चढवायचा. हे काम लहान मुलांवर सोपवलं तर ती विसरत नाहीत.

वॉर्डातली_ताई

तब्येतीचं तेवढं सांगते.

धाकट्याच्या तोंडातले फोड कसले आहेत ते डॉक्टरांना दाखवा. नुसते साधे छाले असतील तर ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. ताप, हातापायांवर पुरळ किंवा ओठावर पाण्याच्या पुळ्या असतील तर ते लाळेतून पसरू शकतं. अशा वेळी बरं होईपर्यंत त्याचा ग्लास खरंच वेगळा ठेवा. उकळायची गरज नाही, साबणाने आतून-बाहेरून आणि विशेषतः काठ घासून स्वच्छ पाण्याने धुवा. क्षयरोग्याचा ग्लास घरोघरी वेगळा काढून ठेवतात, पण क्षय ताट-ग्लासातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. त्या माणसाला भांड्यावरून दूर लोटू नका.

ग्लासापेक्षा माठ जपा. उष्टा ग्लास माठात बुडवला की एकाची लाळ आणि हात सगळ्या घराच्या पाण्यात जातात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. ओगराळं वर टांगलेलं हवं, माठाच्या झाकणावर आडवं नको.

सासऱ्यांसाठी ग्लास मोजत बसू नका. ग्लास कधी पाऊण भरतो, कधी काठोकाठ, त्यामुळे मोजणी चुकते. सकाळी बाटलीच भरून ठेवा. समजा डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय आणि त्यात चहाही धरायचा आहे. दोन वेळचा चहा मिळून २०० मिली होत असेल तर बाटलीत १३०० मिली. त्यांच्या ग्लासात पाणी त्या बाटलीतूनच पडेल, माठातून नाही. ताक, वरणाचं पाणी, औषधाबरोबरचे घोट त्यात धरायचे का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आजींचं उलट असेल, पाणी कमी पोटात जातं म्हणून काळजी असेल, तर चिंचोके वापरा. सकाळी एका वाटीत आठ चिंचोके, ग्लास संपला की एक दुसऱ्या वाटीत. हाताने कळतं, डोळे लागत नाहीत. ४५ अंशांच्या दिवसांत दुपारी दोन वाजता पहिली वाटी अर्धी रिकामी नसेल तर स्वतः ग्लास भरून हातात द्या.

केळीबाग_जळगाव

सगळ्यांचे आभार. अकरा ग्लास बाहेर ठेवून बाकीचे आजच वर चढवते. अक्षरं बाजारात जाईन तेव्हा. बिबड्यांचं आणि अखाजीचं मात्र राहिलं.

मांडणीवाली

गच्चीवर ग्लास नेऊच नका. उन्हात स्टील तापतं, काठ ओठाला चटका देतो, आणि पिठाच्या हाताने ग्लास बरबटतो. दोन तांबे आणि एक पेला ठेवा. बाया वरूनच पितात, तोंड लागत नाही, खूण करायचा प्रश्नच उरत नाही.

अखाजीला लेकी चार-आठ दिवस राहतात, तेव्हा डब्यातले ग्लास माणशी एक मोजून काढा. औषधाच्या दुकानात पांढरी कागदी चिकटपट्टी मिळते, ती दोन बोटं कापून त्यावर बॉलपेनने नाव लिहा आणि ग्लास पूर्ण कोरडा असताना लावा. फ्रिजचं पाणी भरल्यावर बाहेर दव धरतं, त्यावर ती चिकटत नाही. माठाच्या पाण्याने हा त्रास फारसा होत नाही. रोज रात्री काढायची, सकाळी नवी. पाहुणे गेले की त्याच दिवशी ग्लास पुन्हा डब्यात.