दवाखान्याच्या बोर्डावर लाल प्लस चालतो का?

मिरजवाला: भावाचा दवाखाना सुरू होतोय मिरजेत, बोर्ड रंगवायला दिलाय तर पेंटर म्हणतो लाल प्लस टाकल्याशिवाय डॉक्टरचा बोर्ड वाटतच नाय. एक मित्र म्हणतो बेकायदा आहे. आमच्याकडं तर दर दुसऱ्या गाडीच्या काचेवर तो असतोय, मग काय सगळेच गुन्हेगार? आणि उलटं केलं, लालवर पांढरा, तर चालेल का?

वकील_विश्रामबाग: मित्र बरोबर बोलतोय, पांढऱ्यावरचा लाल प्लस म्हणजे रेडक्रॉसचं चिन्ह. जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट 1960 (युद्धाच्या जिनिव्हा करारांसाठीचा आपला कायदा), कलम 12. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाच वापरता येत नाही, एमबीबीएस असो नायतर एमडी. दंड फक्त 500 रुपयांपर्यंत, म्हणून कोण मनावर घेत नाही, पण ज्या मालावर चिन्ह आहे तो जप्त होऊ शकतो. आणि उलटं केलं की स्वित्झर्लंडचं चिन्ह होतंय, ते पण त्याच कलमात बसवलंय 😄

फौजी_कोरेगाव: मी मेडिकल कोरमध्ये नोकरी केली म्हणून सांगतो, ते डॉक्टरचं चिन्ह नाहीच मुळी, लढाईतलं आहे. 1864 च्या जिनिव्हा करारात ठरलं. लष्करातल्या वैद्यकीय माणसाच्या डाव्या दंडाला पट्टी असते, पाण्यानं खराब न होणारी, त्यावर लष्कराचा शिक्का पाहिजे आणि सोबत वेगळं ओळखपत्र. स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं छोटं हत्यार ठेवता येतं, पण त्या गाडीतनं दारूगोळा नेला तर संरक्षण जाऊ शकतं.

इस्लामपूर_एक्सप्रेस: कागदावर ठीक ओ काका. 2015 ला अफगाणिस्तानात कुंदुझमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या मदत संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकेच्या विमानानं हल्ला केला, 42 माणसं गेली, आणि त्यांनी तर हॉस्पिटलचं लोकेशन आधीच कळवून ठेवलेलं. चिन्हानं काय होतंय?

फौजी_कोरेगाव: गोळी अडत नाही बाळा, खरंय. पण चिन्ह दिसूनही मुद्दाम मारलं तर तो युद्धगुन्हा ठरतो आणि "आम्हाला कळलं नाही" म्हणायला जागा राहत नाही. चिडायचंच असेल तर खोट्या वापरावर चीड. 2008 ला कोलंबियाच्या फौजेनं ओलीस सोडवले, जगानं टाळ्या वाजवल्या, पण त्यात एका माणसानं रेडक्रॉसचं चिन्ह घातलेलं निघालं आणि राष्ट्राध्यक्ष उरिबेंना माफी मागावी लागली. पुढच्या वेळी खरी अँब्युलन्स आली तरी समोरचा बंदूकवाला म्हणणार, ह्यात पण फौजच असेल.

तासगावची_ताई: मग काही ठिकाणी क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर असती ती?

वकील_विश्रामबाग: तुर्कांनी 1876 ला रशियाशी लढाईच्या तोंडावर क्रॉसच्या जागी घेतली, नंतर 1929 च्या करारात मान्य झाली. 2005 ला लाल क्रिस्टल पण आला, चौकोन टोकावर उभा केल्यासारखा, म्हणजे कुठल्या धर्माचा वाटायला नको. तिन्हींना संरक्षण सारखंच. मिरजवाले, हिरव्यावर पांढरा क्रॉस करा, प्रथमोपचार पेटीवर असतो तसा.

मिरजवाला: सांगितलं पेंटरला. तो म्हणतोय हिरवा केला तर लोक मेडिकल समजून गोळ्या मागायला येतील, आणि लाल रंगाचा डबा आधीच फोडलाय त्याचे पैसे कोण देणार.