मदत हवी आहे : सायकलला घाटासाठी मागे 32 दातांची चकती की 34?

मंडळी, पावसाळा सरला की 200 किमीची ब्रेव्हे (ठरल्या वेळात पुरी करायची लांब सायकलफेरी) करायचीय, वेळ साडेतेरा तास. धुळ्याहून चाळीसगाव, पुढे कन्नड घाट चढून परत. सपाटीला अडचण नाही, पण घाटात पुढे 34, मागे 28 दातांच्या चकतीवरही उभं राहून रेटावं लागतं, गुडघे कुरकुरतात.

मागे 34 घातलं तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे चढ हलका. पण 11-34 मध्ये (मागची सगळ्यात लहान चकती 11 दातांची, सगळ्यात मोठी 34) गिअरमधली उडी मोठी, आणि समोरून वारा सुटला की नेमका मधलाच गिअर हवा असतो!

डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) छोट्या केजचा आहे, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा दांडा आखूड. 34 झेपेल का, की लांब केज आणि लांब चेनही घ्यावी? दुकानदार म्हणतो, "बसी जाई भाऊ". पण मोठ्यावर-मोठं पडून (पुढची-मागची दोन्ही मोठ्या चकत्या) चेन ताणली तर डिरेलर फ्रेमला धरणारा हँगरच मोडायचा.

तोरणमाळ चढलेल्यांनी आपला गिअर सांगा ना.