आयव्हीएफपूर्वीच्या तपासण्या : मी सिकलसेल वाहक आहे, यजमानांची कोणती तपासणी आधी करावी?

माझे वय ३३, यजमानांचे ३६. लग्नाला सहा वर्षे झाली असून, तीन वेळा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) निष्फळ ठरल्यावर नागपुरातील डॉक्टरांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवले आहे. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), थायरॉइड, पाळीच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी, दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) या तपासण्या ठीक आल्या. वीर्यतपासणीही झाली; त्यासाठी यजमानांची आठ महिने मनधरणी करावी लागली, ही गोष्ट वेगळी.

अडचण माझ्या एचपीएलसी (रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) अहवालाने उभी केली. मी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक, म्हणजे एएस (एकच जनुक सदोष), निघाले. विदर्भात हे नवलाचे नाही. माझ्या मावसभावाला एसएस (दोन्ही जनुके सदोष, म्हणजे प्रत्यक्ष आजार) आहे आणि त्याचे हाडे ठणकण्याचे दिवस मी जवळून पाहिले आहेत. यजमानांकडे महाविद्यालयातील शिबिरात झालेल्या सोल्युबिलिटी चाचणीचा (सिकल हिमोग्लोबिन आहे का, एवढेच पाहणारी प्राथमिक चाचणी) निगेटिव्ह अहवाल आहे आणि तेवढ्यावर विषय संपला, असे त्यांचे म्हणणे आहे. परंतु त्या चाचणीत बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक विकार) वाहक ओळखता येत नाही, आणि एक जोडीदार सिकलचा व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यांच्या सीबीसीत हिमोग्लोबिन ११.८ आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६८, म्हणजे दोन्ही कमी आहेत, म्हणून माझी शंका अधिकच बळावली.

लोहाची कमतरता असल्यास एचबीए२ चे (बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) प्रमाण कमी दिसून वाहक निसटू शकतो, असे वाचले. मग आधी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) पाहून, गरज असल्यास लोहाच्या गोळ्या घेऊन, त्यानंतर एचपीएलसी करावी, की दोन्ही एकाच वेळी करून अहवाल सीमारेषेवर आल्यास थेट जनुकीय तपासणीकडे वळावे? मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील एनआयआयएच या रक्तविकारांवरील राष्ट्रीय संशोधन संस्थेत जनुकीय तपासणी कोणी करून घेतली असल्यास रक्ताचा नमुना नागपूरहून पाठवता येतो का, हेही कृपया सांगावे.

दोघेही वाहक निघालो तर आयव्हीएफमध्ये गर्भाशयात सोडण्यापूर्वी भ्रूणाची जनुकीय तपासणी करावी, की गर्भधारणेनंतर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची? भ्रूण तपासायचे असल्यास आमच्या दोघांतील जनुकीय दोष आधीच निश्चित झालेले लागतात, त्यामुळे पुढच्या पाळीपासूनच आयव्हीएफची इंजेक्शने सुरू करण्याची घाई मला पटत नाही. तसेही माझी रुबेला आयजीजी निगेटिव्ह (म्हणजे रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही) असल्याने एमएमआर लस घेऊन एक महिना गर्भधारणा टाळावीच लागणार आहे. तेवढ्या अवधीत यजमानांची तपासणी उरकण्यासाठी सुरुवात नेमकी कोठून करावी?